बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी

प्रिय आई-बाबा,

काल फोनला रेंज नव्हती, बोलणं अर्धंच राहिलं म्हणून लिहितेय. बाबा, सुकट खाल्ली की अंगाला खाज सुटते म्हणून तुम्ही डॉक्टरांना सांगून आलात की मला ते जंतू मारायचं आयोडीनवालं तपकिरी बेटाडीन लावू नका, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण मग ते गुलाबी औषधच, क्लोरहेक्सिडीन, लावणार ना!

सुकटीतलं प्रोटीन तुम्हाला सोसत नाही, आयोडीन नाही. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठातपण असतं. पण दाढ काढल्यावर डेंटिस्टने दिलेलं ते गुलाबी माउथवॉश आठवतंय? दोन गुळण्या केल्या आणि ओठ टम्म सुजले, अंगावर गांध्या उठल्या, आई रात्रभर उशाशी बसून होती. ती बाटली अजून फळीवर आहे, दिवाळीत मी बघितली, बारीक अक्षरात क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के लिहिलंय. गुडघ्याला लावतात तेही हेच, फक्त २ टक्के आणि स्पिरिटमध्ये मिसळलेलं.

एरवी मीच म्हणाले असते हेच लावा. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये रोज बघते, स्पिरिट जंतू झटकन मारतं आणि क्लोरहेक्सिडीन कातडीवर कितीतरी तास काम करत राहतं, डब्ल्यूएचओनेपण २०१६ मध्ये ऑपरेशनसाठी हेच सुचवलंय. डोळ्याला मात्र चालत नाही, बुबुळाला इजा होते, म्हणून आईच्या मोतीबिंदूला बेटाडीन होतं. पण ज्याला याची अॅलर्जी आहे त्याचं बीपी ऑपरेशन चालू असताना धाडकन खाली येऊ शकतं, श्वास अडकू शकतो. क्वचितच होतं, पण होतं तेव्हा जीवावर बेततं.

तर सोमवारी परत जा, सुकटीचं आणि माउथवॉशचं दोन्ही सांगा आणि केसपेपरवर लाल पेनने लिहून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनापण वेगळं सांगा, कारण लघवीची नळी घालताना लावतात त्या काही जेलमध्येपण क्लोरहेक्सिडीन असतं. बेटाडीन लावलं तरी काळजी नको, चांगलंच औषध आहे, फक्त लावल्यावर नीट सुकू द्यावं लागतं. आणि बाबा, गुडघ्यावर घरी रेझर फिरवू नका हं, बारीक कापलं तरी तिथून जंतू आत जातात, केस काढायचे असले तर तिकडे मशीनने काढतील.

मी बुधवारी हुतात्मा एक्सप्रेसने रात्री पोचते. आई, फळी आवरताना ती बाटली टाकून देऊ नकोस, आत्ताच दवाखान्याच्या पिशवीत ठेव, आणि जुनी चादर घे, बेटाडीनचे डाग लवकर जात नाहीत.

तुमची,
ताई