ट्रॅक्टर घेऊन आलेल्या आजोबांना, आईकडून आणि माझ्याकडून

आजोबा, तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये. नातीला सांगा, ती फोनवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेल. पण मला हे माझ्याच भाषेत लिहायचंय, कारण इंग्लिशमध्ये थँक यू म्हणून म्हणून तोंड दुखलं माझं, आणि तुम्ही दर वेळी "यू बेट" (म्हणजे 'अहो, त्यात काय!') म्हणून हवापाण्याच्या गप्पा सुरू करता.

आपली मंडळी वाचतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही नॉर्थ डकोटात राहतो, रेड रिव्हरच्या खोऱ्यात, शहरापासून लांब शेतांमध्ये. ही नदी वाहते उत्तरेकडे. म्हणजे बर्फ आधी दक्षिणेला वितळतो, पाणी निघतं, आणि पुढे उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते, मग ते पाणी जाणार कुठे, पसरतं. जमीन ताटासारखी सपाट, हजारो वर्षांपूर्वी इथे वितळत्या हिमनद्यांचं अवाढव्य तळं होतं, त्याचा हा तळ. १९९७ ला ग्रँड फोर्क्समध्ये अंदाज दिला होता ४९ फुटांचा आणि पाणी गेलं ५४ च्या वर, जवळजवळ अख्खं शहर खाली करावं लागलं. त्यानंतर शहराला मोठे बांध झाले. आमच्याकडे खेड्यात मात्र कल्व्हर्टमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीत, बर्फ अडकला की शेतातलं पाणी सरळ रस्त्यावर आणि रस्त्यावरून दारात.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून परत येईना कारण रस्ताच बंद, घरात मी, लेक आणि शिरोळहून आलेली आई. खालची जमीन अजून गोठलेली, त्यात पाऊस, पाणी मुरायचं नावच नाही. थंडरस्टॉर्मचा वॉच, म्हणजे वादळ होऊ शकतं अशी सूचना, दुपारपासून होता, रात्री वॉर्निंग आली, म्हणजे वादळ आलंच, वीज गेली आणि बेसमेंटमधलं (तळघरातलं) पाणी बाहेर टाकणारा पंप बंद. इथे वादळ आलं की सगळे सांगतात बेसमेंटमध्ये जा. आणि आमच्या बेसमेंटमध्ये पाणी चढतंय! खाली जाऊ की वर राहू, कुणाला विचारू, काही सुचेना. आणि तेवढ्यात तुमच्या ट्रॅक्टरचे लाइट दिसले. मी फोनसुद्धा केला नव्हता तुम्हाला.

जनरेटर आणलात, तो घरापासून लांब, खिडक्यांपासून दूर लावलात, पंप चालू केलात. मग म्हणालात, तरी इथे थांबू नका, माझं घर उंचावर आहे, चला. हे सगळं मोठंच आहे. पण माझ्या मनात जे राहिलंय ते दुसरंच.

आईचा देव्हारा बेसमेंटमध्ये होता, पायरीएवढ्या उंच स्टुलावर. २०१९ चा महापूर तिने शिरोळला पाहिलाय, त्यामुळे बाकी काही वाहून गेलं तरी चालेल पण देव आधी उचलायचे हे तिचं ठरलेलं. ती पाण्यात उतरायला लागली तर तुम्ही हाताने थांबवलंत. खाली गेलात, देव्हाऱ्यासमोर उभे राहिलात, आणि एकदम थांबलात. टोपी काढली. चिखलाचे ग्लोव्हज काढून खिशात कोंबले. शर्टाचा आतला कोरडा भाग बाहेर काढून दोन्ही हात पुसले, नीट, बोटंसुद्धा, आणि मग उचललात. वर येऊन आईला खुणेने विचारलंत, कुठे ठेवू? जमिनीवर नाही ठेवलात, तिने पाट आणेपर्यंत तसेच धरून उभे होतात, बाहेर विजा कडाडत असताना. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो हे? कुणीच नाही. आई तुमच्याकडे बघून रडायला लागली तर तुम्ही घाबरलात, काही चुकलं का म्हणून माझ्याकडे बघत होतात.

आणि आता दुसऱ्या बाजूचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. घर घेताना ज्यांनी आम्हाला विकलं ते म्हणाले इथे पाणी कधीच येत नाही. इन्शुरन्सवाला हसून म्हणाला, सगळं कव्हर आहे, काळजी नको. पाणी ओसरल्यावर त्यालाच फोन केला तर आवाज बदललेला, पुराची पॉलिसी वेगळी असते म्हणे, आणि आता घेतली तरी साधारण ३० दिवसांनी लागू होते. हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? दर महिन्याला पैसे घेताना बरं आमचं नाव पाठ असतं. नवीन घर घेणाऱ्यांनो, पुराचं वेगळं विचारा आणि लेखी घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

या लोकांना पैसे दिले आम्ही. तुम्हाला डिझेलचे द्यायला आले तर तुम्ही दारातून आत घेऊन कॉफी पाजलीत. माणुसकी असलेली माणसं कुठल्याही मुलखात भेटतात असं आई म्हणते, आणि ती तिच्या देवांइतक्याच खात्रीने म्हणते.

तर आता ऐका. ऑक्टोबरमध्ये तुमचं शुगर बीट निघेल तेव्हा रात्रंदिवस ट्रक लागतात आणि माणसं मिळत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंय. नवऱ्याने आत्ताच सुट्टी टाकलीये. रात्रपाळीच्या सगळ्यांचा डबा माझ्याकडून. आई तोपर्यंत परत गेली असेल पण उसाच्या गावची आहे, बीटची साखर कशी करतात ते तिला बघायचंय, व्हिडिओ कॉलवर तुम्हीच दाखवायचं. यावर यू बेट म्हणायचं आणि तारीख कळवायची.