जीन ऑट्रीला मागे टाकू नका

महोदय,

जुन्या हॉलिवूडपटांतला गाणारा काउबॉय म्हटले की रॉय रॉजर्स या नटाचेच नाव घेतले जाते. हा जीन ऑट्रीवर अन्याय आहे. टेक्सासात १९०७ साली जन्मलेला हा रेल्वेचा तारबाबू रेडिओ आणि गाण्यांच्या तबकड्यांवर गाजला, १९३५ मध्ये रिपब्लिक या चित्रपट कंपनीचा नायक झाला. तासाभराचे, कमी खर्चाचे ते चित्रपट खेड्यापाड्यांतल्या थिएटरांत तुफान चालत. १९४२ मध्ये तो लष्करी हवाई सेवेत गेला, मालवाहू विमाने चालवली. कंपनीने मग प्रसिद्धीचा सगळा जोर रॉजर्समागे लावला. दोघांच्या लोकप्रियतेचा क्रम उलटला तो तिथे, गळ्यामुळे नव्हे! कलावंतांच्या सन्मानार्थ त्यांच्या नावाचे तारे बसवलेल्या हॉलिवूडच्या पदपथावर चित्रपट, तबकड्या, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम अशा पाच विभागांतले तारे आहेत ते ऑट्रीचे.

— एक चित्रपटप्रेमी वाचक