खवणी ओळखते, नाव येत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी आई ७१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी ती बोलताना अडखळायला लागली. "अगं ते आण ना, नारळाचं..." म्हणायची आणि हवेत हात गोल फिरवून खोबरं खवून दाखवायची. खवणी कुठल्या फडताळात आहे हेही माहीत, फक्त नाव येईना. एक डॉक्टर म्हणाले वय झालं, दुसरे म्हणाले मनावर ताण आहे. एमआरआयच्या रिपोर्टात एकच ओळ : वयोमानानुसार झीज. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात झीज जास्त आहे, हे त्याच फिल्मवर दाखवणारे डॉक्टर दीड वर्षानं भेटले.

त्यांनी आईला एक लांबलचक वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. ती अर्ध्यातच थांबली. मग पेट स्कॅन झाला, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी : नेमका तोच भाग साखर कमी वापरत होता. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात अमायलॉइड कमी आणि टाऊ वाढलेलं; ही दोन प्रथिनं अल्झायमरची खूण सांगतात. निदान : प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया, म्हणजे भाषा हळूहळू हरवत जाणारा मेंदूचा आजार. त्यातला लोगोपेनिक, म्हणजे शब्द न आठवण्याचा प्रकार, मुळाशी अल्झायमर.

न्यूरोलॉजिस्ट मेसुलम यांनी १९८२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि २०११ मध्ये त्याच्या तीन प्रकारांचे निकष ठरले. सिमँटिक, म्हणजे शब्दांचा अर्थच हरवणाऱ्या प्रकारातला रुग्ण खवणी हातात दिली तरी "हे काय असतं?" असं विचारू शकतो. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमर नसतोच. तिसऱ्या प्रकारात व्याकरण मोडतं, उच्चार अडखळतात. म्हणजे स्कॅन वाचायच्या आधी रुग्णाचं बोलणं नीट ऐकायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं.

इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा असे शब्द वाचायला देऊन सिमँटिक प्रकार पकडतात. देवनागरी बहुतांशी लिहिली तशी वाचली जाते, तिथे ही युक्ती चालत नाही. उलट "त्याने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली" यातली लिंगाची गफलत मराठीतून तपासलं तरच सापडेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) स्मृती-भाषा चाचण्यांचा संच आधी पाच भाषांत आला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. या यादीत मात्र ती नव्हती.

मागणी मोठी नाही. मराठीची प्रमाणित चाचणी करून घ्या, शाळा न पाहिलेल्यांसाठी आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांसाठीही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस न्यूरोलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट एकत्र बसू देत. कर्करोगासाठी जे पेट यंत्र आणि जे एफडीजी हे साखरेसारखं औषध वापरतात, तेच मेंदूलाही चालतं. निवडक रुग्णांसाठी ते खुलं करा. अल्झायमरसाठी रक्ततपासणीची शिबिरं तेवढी भरवू नका. ठणठणीत म्हाताऱ्यांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडतं. उगाच घराघरांत घबराट होईल.

आईची चाचणी इंग्रजी कागदावरून, तिथल्या तिथे भाषांतर करत झाली. एका चित्रात तंतुवाद्य होतं, हार्प. ते तिनं जन्मात पाहिलेलं नाही, तरी गुण कापले गेले. तिला विचारलेली सगळी वाक्यं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. आपल्या कार्यालयातून कुणी मागितली, तर वही घेऊन मी स्वतः येईन.

आपली,
एका रुग्णाची मुलगी