गाठ केवढी ते कळलं, पण आहे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी आणि त्यांवरच्या शस्त्रक्रिया, हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. त्यात सगळा भर गाठ किती सेंटीमीटरची यावर आहे. या वाटेने गेलेली बाई म्हणून सांगते, त्रास किती होणार आणि ऑपरेशन कोणतं होणार, हे बरंचसं गाठीच्या जागेवर ठरतं.

माझी गाठ जेमतेम अडीच सेंटीमीटरची, पण पिशवीच्या आतल्या पोकळीत आलेली. दर पाळीला गुठळ्या पडायच्या, हिमोग्लोबिन ७ वर उतरलेलं. जावेची गाठ सात सेंटीमीटरची, पण बाहेरच्या अंगाला. तिला पत्ताही नव्हता. दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत ती दिसली. तरी 'दोन मुलं झालीत ना, मग काढून टाका पिशवी' असं आम्हा दोघींनाही सांगून झालं होतं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढली, पण रिपोर्टच्या पाठीवर, पेनाने. त्यात गाठीच्या जागी टिंब दिलं. पोकळीतली अशी गाठ बहुधा खालूनच दुर्बीण घालून काढता येते, पोटावर टाका पडत नाही. भिंतीतली किंवा बाहेरची असेल तर पोटातून जावं लागतं. माझी खालूनच काढली, मी संध्याकाळी घरी होते.

मात्र नुसती गाठ काढली तर नव्या गाठी येऊ शकतात, हे लेखात नाही आणि मलाही आधी कोणी सांगितलं नव्हतं. गर्भाशय काढलं की तो प्रश्न मिटतो, पाळीही थांबते. अंडाशय ठेवले तर त्यांचं काम सुरू राहतं. (याची गल्लत शिकलेल्या बायकाही करतात.) गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा तिसरा मार्ग आहे. हा मार्ग आणि नुसती गाठ काढणं यांची तुलना करणाऱ्या, ब्रिटनमध्ये २५४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांना बरं वाटत होतं, गाठ काढलेल्यांना थोडं अधिक.

मला चौथ्या वर्षी पुन्हा गाठ आली. सोनोग्राफीच्या टेबलावर 'दीड सेंटीमीटर' ऐकलं आणि विचारलं, 'कुठे?' भिंतीत होती. आता मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, त्रास काही नाही, आणि पाळी गेल्यावर या गाठी सहसा आकसतात. म्हणून सध्या फक्त तपासणी करत राहायचं ठरवलं आहे.

आपली,
एक वाचक