गाडीत बसतो म्हणून तो गाडीचा पार्ट होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात गाड्यांच्या सुट्या भागांवरच्या आयात शुल्काची बातमी आली होती, त्यात सुट्या भागांवर सरसकट अमुक टक्के ड्युटी लागते असं एक वाक्य होतं आणि पुढे सगळी चर्चा त्या एका टक्क्यावरच. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. कस्टमच्या पुस्तकात "गाडीचे सुटे भाग" असा एक मोठा खण आहे आणि सगळे पार्ट त्यात पडतात असं बऱ्याच लोकांना वाटतं, आयात करणाऱ्यांना पण वाटतं, आणि मलाही सुरुवातीची दोनतीन वर्षं तसंच वाटायचं. मी आयातीच्या कागदपत्रांचं काम करतो, आयुष्य इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट वाचण्यात गेलंय, आणि सगळ्यात जास्त डोकं कुठल्या मालाने खाल्लं असेल तर ते रबराने. इंजिन सोपं, गिअरबॉक्स सोपा, चाकांच्या सस्पेन्शनमध्ये धक्के खाणारा रबराचा दोन बोटांएवढा बुश मात्र माणसाला रडवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मालाला जो एचएस कोड लागतो, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा, ती पद्धत ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची, १९८३ मध्ये करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू. आज २०० च्या वर देश आणि व्यापारी प्रदेश ती वापरतात, पहिले ६ आकडे सगळीकडे सारखे, त्यापुढचे आकडे आणि ड्युटीचा दर ज्याचा त्याचा. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, पहिले चार म्हणजे हेडिंग. रबर चॅप्टर ४० मध्ये, गाड्या चॅप्टर ८७ मध्ये, आणि गाड्यांचे पार्ट ८७०८ या हेडिंगखाली. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

खरी मेख आहे विभाग १७ च्या टिपेत. चॅप्टर ८७ ज्या विभागात येतो त्याच्या सुरुवातीला टिपा आहेत, त्या कोणी वाचत नाही, सगळे थेट कोडच्या यादीवर उडी मारतात. त्यातली टीप २ म्हणते की "पार्ट" या शब्दात अमुक गोष्टी धरायच्याच नाहीत, आणि त्या यादीत पहिल्याच नंबरला, (क) मध्येच, जॉइंट आणि वॉशर कुठल्याही मटेरियलचे असोत, आणि कडक रबर सोडून व्हल्कनाइझ केलेल्या, म्हणजे रसायन घालून तापवून पक्कं केलेल्या, रबराच्या ४०१६ मधल्या इतर वस्तू. म्हणजे तो पार्ट फक्त गाडीसाठीच बनवलाय, दुसरीकडे कुठे बसूच शकत नाही, त्यावर गाडी कंपनीचा पार्ट नंबर ठोकलाय, तरी तो नुसत्या मऊ रबराचा असेल तर ८७०८ मध्ये जात नाही, ४०१६ मध्ये जातो. पॅडलचं रबर, दाराचा बंपस्टॉप, वायर जाते त्या भोकात बसणारं ग्रोमेट, सगळं तिकडे. गळती थांबवायला सांध्यात बसवतात ती गास्केट नि ओ रिंग ४०१६.९३, पायाखालचं रबरी मॅट ४०१६.९१, उरलेलं बरंचसं ४०१६.९९. हे समजायला मला एक अख्खी शिपमेंट अडकवून घ्यावी लागली.

झालं असं, एका गिऱ्हाइकाचा माल होता, ११ आयटम, इनव्हॉइसवर प्रत्येक ओळीत एकच शब्द, ऑटो स्पेअर पार्ट. मी पण घाईत सगळ्याला ८७०८.९९ लावून मोकळा झालो. कस्टमची क्वेरी आली. माल उघडला तर त्यात ओ रिंग, होज म्हणजे रबरी नळ्या, बेल्ट, तेल गळू नये म्हणून बसवतात ते ऑइल सील, गास्केटची पाकिटं, सस्पेन्शनचे बुश, म्हणजे ११ आयटम आणि निदान ५ वेगवेगळी हेडिंग. अधिकाऱ्याने ऑइल सील हातात घेऊन विचारलं हे कशाचं आहे, मी म्हटलं रबराचं, तो म्हणाला कापून दाखवा. संध्याकाळी हॅकसॉने कापलं. आत पत्र्याची कडी, तिच्यावर बाहेरून रबर चिकटवलेलं, आतल्या ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग. बाहेरून काळंकुट्ट रबर दिसणारी वस्तू निम्मी लोखंड निघाली. आणि तिथे मुद्दा असा की लवचीक कडी आणि धातूचा आधार व्हल्कनाइझ करून एकत्र जोडलेल्या ऑइल सीलचा उल्लेख एचएसच्या अधिकृत स्पष्टीकरणात ८४८७ खाली येतो, यंत्रांच्या चॅप्टरमध्ये! म्हणजे ओ रिंग रबरात, तिचीच चुलत बहीण ऑइल सील यंत्रात, आणि मी दोघींना गाडीत बसवलेलं. ते कापलेलं सील अजून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, ऑफिसात नवीन मुलगा आला की आधी तेच हातात देतो.

गास्केटच्या पाकिटांची तर वेगळीच तऱ्हा. वेगवेगळ्या मटेरियलची गास्केट एका पाकिटात सेट म्हणून बांधून आली तर ८४८४ मध्ये सेटची स्वतंत्र ओळ आहे, ८४८४.९०. तीच सुटी भरून आणा, रबराची रबरात, कागदाची कागदात. पाकिटाच्या प्लॅस्टिकने कोड बदलतो हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली तुम्ही लोक मुद्दाम करता हे.

बुशचं प्रकरण मात्र खरंच वादाचं आहे, त्यात मी अधिकाऱ्याला पण दोष देणार नाही. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये रबर चिकटवलेलं. आता ही रबराची वस्तू की धातूची? गाडीत त्याचं काम रबर करतं, धक्का रबर खातं, पण वजन केलं तर लोखंड जास्त भरतं. ४०१६ धरायचं की सस्पेन्शनचा पार्ट म्हणून ८७०८.८०? युरोपियन युनियनच्या टॅरिफमध्ये ४०१६ च्या आतच मोटार गाड्यांसाठी रबर आणि धातू जोडलेल्या पार्टची वेगळी ओळ आहे. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये कंपन रोखणाऱ्या वस्तूंना ४०१६ खाली पण जागा आहे आणि ८७०८ खाली "रबर असलेल्या" म्हणून पण आहे. म्हणजे मोठमोठ्या देशांनी पण हा पार्ट दोन्ही दारांतून आत येऊ शकतो हे धरूनच ओळी छापल्यात, मग साध्या एजंटने एका नजरेत कोड सांगावा ही अपेक्षा कशी काय करता.

आता कोणी म्हणेल हे सगळं मूर्खपणाचं आहे, गाडीत लागतं ना, मग गाडीचा पार्ट, विषय संपला. मलाही एकेकाळी असंच वाटायचं पण आता नाही वाटत. ओ रिंग हातात घ्या आणि सांगा ती गाडीची की पाण्याच्या पंपाची की गॅसच्या शेगडीची. नाही सांगता येत. बंदरावर उभा असलेला माणूस तर अजिबातच नाही सांगू शकत, आणि मग ज्याला जो दर स्वस्त पडतो तो तसा उपयोग लिहून देणार. म्हणून नियम करणाऱ्यांनी रबराच्या बाबतीत उपयोग सोडून दिला आणि मटेरियल धरलं. टायरचं उलट आहे बघा, टायरच्या अंगावरच सगळं छापलेलं असतं, म्हणून ४०११ मध्ये कारचे वेगळे, बस ट्रकचे वेगळे, विमानाचे वेगळे, मोटरसायकलचे वेगळे. तिथे उपयोग चालतो कारण तो दिसतो.

पण मटेरियल धरलं की मग रबर म्हणजे काय हा प्रश्न येतो, आणि इथे भलेभले घसरतात. चॅप्टर ४० च्या टीप ४ मध्ये सिंथेटिक रबराची चक्क परीक्षा दिलीये. गंधकाने व्हल्कनाइझ होऊन परत न वितळणारा पदार्थ झाला पाहिजे, आणि १८ ते २९ अंश सेल्सिअसमध्ये मूळ लांबीच्या ३ पट ताणला तरी तुटता कामा नये, आणि २ पट ताणून सोडला की ५ मिनिटांत मूळ लांबीच्या दीडपटीच्या आत परत आला पाहिजे. हल्ली खूप कंपन्या जुन्या रबराऐवजी टीपीई (थर्मोप्लॅस्टिक इलॅस्टोमर) वापरतात, ते हाताला रबरासारखंच लागतं, काळं असतं, लवचीक असतं, पण तापवलं की वितळतं. ते कस्टमच्या लेखी प्लॅस्टिक. आणि गंमत अशी की टीप २ ची ती बंदी मऊ रबरासाठी आहे, प्लॅस्टिकच्या गाडीच्या पार्टला तशी नाही, साधा नट बोल्ट क्लिपसारखा सगळीकडे चालणारा माल सोडला तर प्लॅस्टिकचा पार्ट ८७०८ मध्ये जाऊ शकतो. म्हणजे एकाच साच्यातून काढलेलं एकच डस्ट कव्हर, कारखान्याने आतला कंपाउंड, म्हणजे कच्च्या मालाचं मिश्रण, बदललं की चॅप्टर ४० मधून उठून चॅप्टर ८७ मध्ये जाऊन बसतं. इनव्हॉइसवर दोन्ही वेळेला "रबर बूट". मग लॅबला सॅम्पल जातं आणि माल बंदरावर अडकल्याचं भाडं, डेमरेज, चढत राहतं आणि गिऱ्हाईक आपल्याला फोन करत राहतं.

होज नि बेल्ट त्यामानाने सोपे, फक्त मोजमाप लागतं. होज ४००९, त्यात आत जाळी कशाची, धातूची की कापडाची, आणि टोकाला फिटिंग आहे की नाही एवढं बघायचं. बेल्ट ४०१०, आणि तिथे घेर सेंटीमीटरमध्ये, व्ही रिब्ड (आतून उभ्या खाचा असलेला) बेल्ट ६० च्या वर १८० पर्यंत असेल तर ४०१०.३१ आणि १८० च्या वर २४० पर्यंत गेला की ४०१०.३३. टायमिंग बेल्टचे आकडे परत निराळे. कॅटलॉगमध्ये पार्ट नंबर असतो, गाडीचं मॉडेल असतं, रंगीत फोटो असतो, घेर नसतो. टेप घेऊन मोजा.

एवढ्याने काय फरक पडतो म्हणाल तर पडतो. कुठल्या देशात ४०१६ वर दर जास्त असतो कुठे ८७०८ वर, पण दर सारखा असला तरी इतर गोष्टी कोडवरच लटकलेल्या असतात. २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरच्या गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि ३ मे पासून पार्टवर पण लावलं, तेव्हा कुठले पार्ट हे शब्दात नाही, कोडच्या यादीत सांगितलं, आणि त्या यादीत ८७०८ च्या जोडीला चॅप्टर ४० मधले कारचे टायर आणि फिटिंगवाले ब्रेक होज पण होते. म्हणजे टोकाला फिटिंग आहे की नाही हा माझा किरकोळ वाटणारा प्रश्न एका रात्रीत २५ टक्क्यांचा झाला. मुक्त व्यापार कराराचं पण तेच, माल कुठल्या देशात बनला हे ठरवायचा नियम बरेचदा हेडिंग बदललं का यावर असतो, कोडच चुकला तर ओरिजिन सर्टिफिकेटची रद्दी होते.

माझी तक्रार नियमाबद्दल नाहीये, ती कामाच्या पद्धतीबद्दल आहे. माल पाठवणारा कारखाना ड्रॉइंगवर कंपाउंडचं नाव लिहितो पण इनव्हॉइसवर नाही, का तर त्यांच्या सिस्टीममध्ये जागा नाही. आयातदार म्हणतो मागच्या वेळी या कोडवर सुटला होता ना मग आताही तोच लावा, आणि मागच्या वेळी तो कोणी बघितलाच नव्हता हे त्याला पटत नाही. आणि अधिकारी, सगळे नाही पण काही, हरकत लिहितात आणि कारण लिहीत नाहीत, "वर्गीकरण चुकीचे" एवढे दोन शब्द आणि खाली सही, अरे बाबा कुठल्या टिपेने चुकीचं ते तरी लिही, म्हणजे आम्ही उत्तर देऊ नाहीतर मान्य करू. माझ्या त्या बुशवर ८ दिवस हेच चाललं होतं.

यावर उपाय आधीपासून आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरणाचा करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे, त्याच्या कलम ३ प्रमाणे माल यायच्या आधीच अर्ज करून वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय लेखी मागता येतो आणि तो निर्णय कस्टमवर बंधनकारक असतो. रबर धातू जोडलेल्या पार्टसाठी तर हा अर्ज डोळे झाकून करावा, सोबत कापलेलं सॅम्पल, कंपाउंडचं नाव, दोन्ही मटेरियलचं वजन आणि ड्रॉइंग जोडून. किती आयातदार करतात? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नसतं, आणि ज्यांना सांगतो ते म्हणतात कशाला उगाच आपणहून वाघाच्या गुहेत.

पेपरला एकच विनंती. पुढच्या वेळी दर छापाल तेव्हा टक्क्याच्या शेजारी हेडिंगचे चार आकडे पण छापा, ८७०८ वर एवढे, ४०१६ वर एवढे, होज बेल्टवर एवढे, टायरचे वेगळे. चार ओळी जास्त जातील पण बातमी वाचून माझ्याकडे भांडायला येणारी निम्मी माणसं तरी घरीच थांबतील.

आपला,
एक नियमित वाचक