दोन फुटांना दोन बोटं कमी

पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलिया
रविवार

ती. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

आप्पांच्या डोळ्याला अजून पट्टी असेल, तेव्हा धाकट्या, पत्र तूच वाचून दाखव. घाईत वाचू नकोस, यातलं अर्धं तुझ्याच कामाचं आहे.

आई, परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "गाडीत झोपतीस म्हणजे नेमकी कुठं झोपतीस?" तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. चुकलं माझं. पण तुझ्या डोळ्यांपुढं बसस्टँडच्या बाकड्यावर अवघडून पडलेलं माणूस येतं, तसं इथं काही नाही. मी पाय लांब करून, पाठ टेकून, आतून दारं बंद करून झोपते. नोकरी, खोली, डबा सगळं पहिल्यासारखंच आहे, ते परत लिहीत नाही. हे पत्र फक्त अंथरुणाचं.

माझी जिम्नी, म्हणजे सुझुकीची छोटी जीपसारखी गाडी, तीन दारांची. धाकटा बघू लागलाय ती पाच दारांची. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.25 मीटर अंतर, त्याच्या गाडीत 2.59. हे 34 सेंटीमीटर चालवताना फारसे जाणवत नाहीत, झोपताना मात्र फार मोठे असतात. गाडीत आहे तशी झोपायची सोय सोपी आहे: पुढच्या सीटचा हेडरेस्ट काढायचा, सीट पुढं सरकवायची, पाठ मागं पाडायची, ती मागच्या सीटच्या बैठकीला जाऊन टेकते. एखाद्या रात्री चालतं. पण सीट बसण्यासाठी घडवलेली असते. मांडीखाली खळगा, कमरेखाली उंचवटा. दोन रात्रींत कंबर धरते. म्हणून फळी लागतेच.

माझी फळी 12 मिलिमीटर प्लायवूडची आहे, तीन तुकडे बिजागरीनं जोडलेले. लांबी 183 सेंटीमीटर, रुंदी 58. ड्रायव्हरच्या शेजारच्या अंगानं, मागच्या दारापासून डॅशबोर्डपर्यंत. मागचे दोन तुकडे कायम पसरलेले, त्यांच्याखाली सामान. तिसरा दिवसा त्यांच्यावर घडी होऊन पडतो आणि रात्री शेजारची सीट पाडली की तिच्यावरून पुढं उलगडतो. त्याला दोन पाय आहेत, ते पावलं ठेवायच्या जागेत खाली टेकतात. हे पाय महत्त्वाचे. फळीचा भार नुसत्या सीटवर दिला तर स्पंज दबतो, पायाकडची बाजू उतरते आणि रात्रभर माणूस खाली सरकत राहतं.

फळी किती उंच घ्यायची हे सामान बघून ठरवायचं नाही. इथंच सगळे फसतात. आधी भुईवर मांडी घालून ताठ बसायचं, बैठकीपासून टाळूपर्यंत माप घ्यायचं, त्यात गादीची जाडी आणि वर चार बोटं मिळवायची. छतापासून तेवढं खाली मोजलं की फळी तिथं. माझं माप गाडीच्या तळापासून 22 सेंटीमीटर आलं. डबे जास्त मावावेत म्हणून फळी वर चढवली की उठून बसता येत नाही, कपडे पडल्या पडल्या बदलावे लागतात, आणि पावसानं दोन दिवस अडकवलं तर त्याच गाडीचा राग येतो.

धाकट्या, मी मागची सीट बोल्ट खोलून घरीच ठेवली आहे. तू तसं करू नकोस. आपल्याकडं सीट कमी केली की आरटीओतली नोंद आणि विमा दोन्हींचा प्रश्न येतो. ती पाडून ठेव. पाडल्यावर मागच्या डिकीत पायरी राहते, ती दोन उथळ खोक्यांनी भरून काढ आणि फळी त्यावर टाक.

गादी 5 सेंटीमीटर जाडीच्या घट्ट फोमची, फळीच्या सांध्यांवरच कापलेली, म्हणजे फळीबरोबर तिचीही घडी पडते. तिच्यावर आईची गोधडी. फोम अंगाच्या उष्णतेनं मऊ पडतो आणि घाम धरतो. जुन्या सुती लुगड्यांची गोधडी घाम शोषते आणि सकाळी उन्हात तासाभरात वाळते. मी इथल्या दुकानांत दोन महागडी पांघरुणं बघून आले, त्यांच्यापेक्षा ही सरस आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

आता थंडीचं. तू म्हणालीस, हीटर लावून झोप. नाही लावायचा. चालू इंजिनाचा धूर वाऱ्यानं उलटून आत येऊ शकतो. गॅसची शेगडी तर बंद गाडीत पेटवायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतला माणूस उठतच नाही. आपल्याकडंही थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून माणसं गेलेली आहेत, तेच हे. त्याऐवजी प्रत्येक काचेच्या मापाचा चंदेरी फोमचा पडदा कापलेला आहे. आधी पुठ्ठ्यावर माप काढायचं आणि कापताना कडेनं अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवायचं, मग तो दाबून बसतो. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर दोन तापमानं लिहिलेली असतात, एक आरामाचं आणि एक कसंबसं निभावण्याचं. आपण आरामाचं बघायचं. मी 0 अंशांची घेतली आहे.

आणि एवढ्या थंडीतही समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवायच्या. श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी वाफ निघते. काचा बंद ठेवल्या तर ती छताला चिकटून पहाटे तोंडावर टपकते, फोमच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. फळीला जागोजागी 25 मिलिमीटरची भोकं पाडली आहेत ती त्याचसाठी. उघड्या काचेवर मच्छरदाणीचा तुकडा, कडेला लोहचुंबक शिवलेले.

जागा निवडायचे नियम पक्के आहेत. सूर्य मावळायच्या आत थांबायचं, कारण संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. हायवेवर चोवीस तास थांबायची मुभा असलेले थांबे असतात, तिथं इतर गाड्या असतील तिथंच मुक्काम. गाडीचं तोंड रस्त्याकडं. अर्धी भरलेली बाटली फळीवर आडवी ठेवायची, पाणी ज्या बाजूला जाईल तिकडं पाय. ड्रायव्हरची सीट रात्री कायम रिकामी, किल्ली ठरलेल्या खिशात. काही खटकलं तर दार न उघडता आतल्या आत सरकून गाडी सुरू करता आली पाहिजे. आई, हे वाक्य दोनदा वाचायला लाव.

आता सामान. हे आप्पांना माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण बैलगाडी भरताना ते जे बघायचे तेच इथं बघायचं. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढं जास्त भरलं की धुरजड. जिम्नी एवढी आखूड आहे की मागच्या चाकाच्या पलीकडं 40 किलो ठेवले तर स्टिअरिंग हलकं पडलेलं हाताला कळतं. म्हणून सगळ्यात जड वस्तू, म्हणजे पाणी, पुढच्या सीटच्या लगेच मागं आणि अगदी तळाला. हलकं मागं आणि वर.

गाडीचं रिकामं वजन साधारण 1,090 किलो, आणि सगळं मिळून 1,435 च्या वर न्यायची नाही. उरले 345, त्यात मीसुद्धा आले. माझे 58, पाणी 40, फळी-गादी 28, छोटा फ्रीज भरून 25, हत्यारं, पट्टे, फावडं आणि पंप मिळून 25, बॅटरी 12, शिधा 15, कपडे 8. ही बेरीज कागदावर करून थांबायचं नाही, भरलेली गाडी काट्यावर घालायची. पुढं बसवलेलं लोखंडी गार्ड आणि खालच्या पत्र्याच्या ढाली लोक हिशेबात धरायला विसरतात.

छतावर 30 किलोच चालतात, आणि कॅरियरचं स्वतःचं वजन त्यातच. पेट्रोलचा कॅन आत ठेवून झोपता येत नाही, वाफ डोक्यात चढते. मागच्या दारावर लटकवला तर तिथं आधीच स्टेपनी आहे, खडबडीत रस्त्यानं बिजागऱ्या ढिल्या होतात. म्हणून 20 लिटरचा मोह सोडून 10 लिटरचा कॅन, छतावर, उभा बांधलेला. टाकी 40 लिटरची आहे. सप्टेंबरात मी नलारबोरचं माळरान ओलांडून ॲडलेडला चालले, सुमारे 2,700 किलोमीटर, आणि तिथल्या मुख्य रस्त्यावर दोन पंपांमधलं अंतर 200 किलोमीटरच्या आतच आहे. कॅन फक्त आडवाटेसाठी.

पाणी 10 लिटरच्या चार कॅनमध्ये, एका मोठ्यात कधीच नाही. एक फुटला तरी तीन राहतात. दिवसाला 5 लिटर प्यायला-स्वयंपाकाला धरते. भांडी आधी कागदानं पुसून मग फवाऱ्याच्या बाटलीनं धुते. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू जे शिकवलंस, त्यापेक्षा वेगळं काही नाही.

शिध्यात वजन एक गोष्ट आणि जागा दुसरी. सुशीलेचे चुरमुरे हलके, पण पोतंभर जागा खातात. ते फक्त पहिल्या दोन दिवसांपुरते. येसर सगळ्यात गुणी: मूठभर पुडीत चार वेळची आमटी. शेंगाची चटणी प्लास्टिकच्या बरणीत, काचेच्या नाही. कच्चा रस्ता पन्हाळीच्या पत्र्यासारखा असतो, बारीक बारीक लाटांचा. त्यावर टिनचे डबे एकमेकांना घासून अक्षरशः भोक पडतं, म्हणून मधे फडकी. अशा रस्त्यावर टायरची हवा 26 वरून 18-20 पर्यंत उतरवायची, वेग कमी ठेवायचा आणि डांबर लागलं की पंपानं परत भरायची. हवा कमी ठेवून वेगात पळालं तर टायर तापून फुटतो. धूळ मागच्या दारातून आत ओढली जाते. काचा बंद ठेवून बाहेरच्या हवेचा पंखा चालू ठेवला तर आत दाब राहतो आणि धूळ कमी येते. फळं-भाज्या दोन राज्यांच्या सीमेपाशी संपतील एवढ्याच घ्यायच्या, कारण दोन्ही बाजूंना तपासणी नाके आहेत आणि ताजी फळं, बऱ्याच भाज्या तिथं काढून घेतात. परत येताना तर मधही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. इथं शहरात शेजारचा माणूस लिफ्टमध्ये मान वर करत नाही. पण शहर मागं पडलं की समोरून येणारा प्रत्येक अनोळखी ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात नाही, फक्त तर्जनी, मनगट स्टिअरिंगवरच. तेवढ्यानं 'राम राम' झाला. मोठ्या ट्रकवालेही करतात. शहराजवळ कोणी करत नाही. नेमकं कुठं सुरू होतं ते कुठं लिहिलेलं नाही, पण घरं दिसेनाशी झाली आणि गाड्या दहा-दहा मिनिटांनी यायला लागल्या की बोटं उठायला लागतात. फार लवकर उचललं तर समोरच्याला दिसत नाही, उशीर झाला तर तो निघून गेलेला असतो. दोन्हीकडून 110 चा वेग, म्हणजे मिळतात दोन-तीन सेकंद. समोरून जिम्नी आली तर मात्र पूर्ण हात, बोटावर भागत नाही. आधी मला वाटायचं काहीतरी खुणावतात, टायर बसलाय का, पुढं जनावर आहे का. मग कळलं, एवढंच सांगतात की मी तुला बघितलं. बॅलाडोनिया ते कैगुना असा 146.6 किलोमीटरचा एकही वळण नसलेला रस्ता आहे, साधारण लातूर ते नांदेड एवढा. तिथं ते बोट फार मोलाचं वाटतं. आपल्याकडं बांधावरून जाणाऱ्याला कोण, कुठला न विचारता राम राम घालतात, तसंच, फक्त तोंडानं नाही.

"मोबाईलला रेंज नसते" ही आप्पांची काळजी खरी आहे. म्हणून उपग्रहाला हाक देणारं छोटं यंत्र अंगावरच असतं, 406 मेगाहर्ट्झचं, माझ्या नावानं नोंदलेलं. गाड्यागाड्यांत बोलायचा रेडिओ 40 नंबरवर, ट्रकवाले त्यावरच असतात. आजारी माणसाला विमानानं नेणारी डॉक्टरांची सेवा इथं 1928 पासून आहे, आणि नलारबोरच्या हायवेचे काही तुकडेच तिच्या धावपट्ट्या म्हणून आखलेले आहेत. कुणी नाही असं नसतं.

पैशांचं. शनिवारी 1,20,000 पाठवलेत. 80,000 डोळ्याच्या ऑपरेशनचे, 40,000 बोअरच्या मोटारीचे. दुसऱ्या डोळ्याचं लांबवू नका, त्याचेही तयार आहेत. आत्या म्हणाली म्हणे, एवढा पैसा गाडीत कामून घालतीस. गाडीचे हप्ते मार्चमध्ये फिटले. आणि दिवाळीचं तिकीट मी या फेरीत घातलं असं समजू नका. रजा सप्टेंबरातलीच मिळाली, दिवाळीत मिळत नाही. हे मी स्वतःलाही रोज सांगते. ऑपरेशनच्या दिवशी मी इथं फळीला रंधा मारत होते, हात रिकामे ठेवता येत नव्हते म्हणून.

धाकट्या, गाडीसाठी शेतावर कर्ज काढू नकोस. आधी वर्षभर हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकून बघ, जमलं तर सुरुवातीची रक्कम मी देते. लडाखला पहिल्याच वर्षी जाऊ नकोस, आधी दोन रात्री आपल्याच रानात गाडीत झोपून बघ.

आई, नांदेडच्या स्थळाला नाही कळवू नकोस, हो पण म्हणू नकोस. येळवशीला, वेळ अमावास्येच्या सणाला, मी येते, तिकीट काढलंय, हे पक्कं. तीन येळवशी बुडाल्या. आंबील, भज्जी, कडब्याची कोप, सगळं नेहमीसारखं कर. त्या लोकांना त्या आठवड्यात बोलव. फक्त मी एकटी गाडीत झोपते हे त्यांच्यापासून लपवू नकोस. आधी कळलेलं बरं.

दुसरी गोधडी शिवायला घेतलीस असं अक्का म्हणाली. पहिली दुमडून घालते तर कडा फळीखाली घसरतात, म्हणून हिचं माप धर: लांबी सहा फूट, रुंदी दोन फुटांना दोन बोटं कमी. डोळ्यांना ताण देऊ नकोस, दिवसा उजेडीच शीव. आप्पांचं जुनं धोतर आतल्या थराला चालेल.

तुमची,
ताई