शब्दांशिवाय 'माय फनी व्हॅलेंटाइन' कसे वाजेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख मनापासून आवडला. आर्मस्ट्राँगपासून माइल्स डेव्हिसपर्यंतच्या वादकांवर मराठीत इतक्या आस्थेने क्वचितच लिहिले जाते. पण 'जॅझमध्ये शब्द नावापुरतेच' हे त्यातले विधान मला अजिबात पटले नाही. माझी उमेदीची सगळी वर्षे मुंबईतल्या हॉटेलांच्या बँडमध्ये आणि वसईच्या लग्नांत ट्रम्पेट वाजवण्यात गेली, म्हणून राहवले नाही.

लेखात 'माय फनी व्हॅलेंटाइन' हे गाणे रिचर्ड रॉजर्स यांचे, एवढेच म्हटले आहे. चाल त्यांची खरीच, पण शब्द लॉरेंझ हार्ट यांचे. १९३७ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या 'बेब्ज इन आर्म्स' या संगीत नाटकातले हे गाणे. व्हॅलेंटाइन हे त्यातल्या नायकाचेच नाव. नायिका त्याला म्हणते, तुझे रूप हसू येण्यासारखे, फोटोत तू धड येत नाहीस, बांधाही ग्रीक पुतळ्यासारखा नाही. पण माझ्यावर जीव असेल तर केसभरही बदलू नकोस. हार्ट स्वतः पाच फुटांहून बुटके. आपल्या दिसण्याचा सल त्यांना जन्मभर होता, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. मला तरी तो या गाण्यात ऐकू येतो.

आता वादकाच्या बाजूने पाहा. अशी गाणी बहुधा ३२ बारांची (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक तुकडा) असतात, हे ३६ बारांचे आहे. शेवटच्या भागात 'थांब ना' ही विनवणी येते तिथे सूर उंच चढतो आणि मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत, चाललेली चाल अखेरीस मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरांत, येऊन टेकते. शब्द ठाऊक नसलेला मुलगा तो वरचा सूर जिंकल्यासारखा फुंकतो. ठाऊक असलेल्याचा सूर तिथे नरम होतो, कारण ती माणसाची आर्जवे आहेत. आमचे गोव्याचे मास्तर शब्द तोंडपाठ झाल्याशिवाय बॅलडला, म्हणजे अशा संथ, भावुक गाण्याला, हात लावू देत नसत. श्वास कुठे घ्यायचा हे आम्ही ओळींवरूनच शिकलो.

मोठ्यांचीही हीच रीत होती. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग शब्दांबाबत आग्रही होते. डेक्स्टर गॉर्डन तर बॅलड सुरू करण्याआधी गाण्याच्या ओळी श्रोत्यांना म्हणून दाखवत आणि मगच सॅक्सोफोन ओठाला लावत. १२ फेब्रुवारी १९६४ ला न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये माइल्स यांनी हेच गाणे वाजवले, त्याचे ध्वनिमुद्रण जरूर ऐका. मूळ चाल त्यांनी जवळजवळ मोडून टाकली आहे, एक शब्द गायलेला नाही, तरी ते आर्जव सुटत नाही.

'द लेडी इज अ ट्रॅम्प' आणि 'व्हेअर ऑर व्हेन' हीसुद्धा त्याच नाटकातली. रॉजर्स आधी चाल बांधत, हार्ट तिच्यावर शब्द बसवत. हार्ट १९४३ साली, अवघ्या ४८व्या वर्षी गेले. पुढे १९५६ मध्ये गायिका एला फिट्झगेराल्ड यांनी या जोडीच्या गाण्यांचा संग्रहच ध्वनिमुद्रित केला. नाटक आता क्वचितच रंगमंचावर येते, गाणी मात्र रोज कुठल्या ना कुठल्या क्लबात वाजतात. 'मानापमान' न पाहिलेला श्रोताही मैफलीत त्यातल्या पदांची फर्माईश करतो, तसेच हे. पण तिथे आपण पद खाडिलकरांचे आणि चाल टेंब्यांची, अशी दोन्ही नावे घेतो.

लेखमाला पुढे चालणार असेल तर प्रत्येक गाण्यासोबत गीतकाराचेही नाव छापावे, ही विनंती. आणि एक लेख डोरोथी फील्ड्स यांच्यावर जरूर यावा. 'ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' हे १९३० सालच्या ब्रॉडवे रिव्ह्यूतले (गाणी, नाच आणि छोटे प्रवेश यांच्या कार्यक्रमातले) गाणे आम्ही वर्षानुवर्षे वाजवले. त्याचे शब्द या बाईंचे, हे आमच्या बँडमधल्या निम्म्या पोरांना ठाऊक नव्हते.

आपला,
एक निवृत्त ट्रम्पेटवादक, वसई